सलून उत्तम, पण मान मोडणे नको : म्हापशातील एका केशकर्तनालयाविषयी

म्हापशाच्या बाजारापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका केशकर्तनालयात मी गेली आठ वर्षे जात आहे आणि माझा धाकटा भाऊही माझ्यासोबत तेथेच येत असे. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या गोष्टीबद्दल मला तक्रार करायची आहे ती गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत आणि गोव्याबाहेरही असंख्य दुकानांत रोज घडते, आणि एकाच दुकानाकडे बोट दाखवले तर वाचणाऱ्याला आपले नेहमीचे दुकान सुरक्षित आहे असे वाटून जाईल.

आधी दुकानाच्या मुख्य कामाविषयी लिहितो. केस कापणे, दाढी करणे आणि केसांना रंग लावणे यांत खोट काढण्यासारखे काही नाही. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते त्याच्यासमोर पाकिटातून काढले जाते, टॉवेल धुतलेला असतो, कात्री आणि कंगवा जंतुनाशकातून काढून पुसला जातो, आणि कानामागची रेघ दोन्ही बाजूंना सारखी येईपर्यंत कारागीर आरसा धरून दाखवतो. केस कापण्याचे १५० रुपये, दाढीचे ८० आणि तेल लावून चंपीचे २०० हे दर म्हापशाच्या मानाने रास्त आहेत. रविवारी अर्धा-पाऊण तास थांबावे लागते, एवढीच अडचण.

दरफलकावर चंपीच्या खाली आणखी एक ओळ होती : ‘मान-पाठ मोकळी करणे, चंपीसोबत मोफत’. हे परीक्षण त्या ओळीसाठी लिहीत आहे.

ही सेवा कशी दिली जाते हे बहुतेक पुरुष वाचकांना ठाऊक असेल. चंपी संपली की कारागीर खांद्यांवरचे आणि मानेचे स्नायू दाबतो, हनुवटी एका तळव्यात आणि डोक्याची मागची बाजू दुसऱ्या तळव्यात धरतो, ‘ढिले सोडा’ म्हणतो, डोके एकदोनदा हळूच डोलवतो आणि आपण बेसावध असताना एका बाजूला हिसका देतो. कट् असा आवाज येतो, मग तोच प्रकार दुसऱ्या बाजूला होतो, आणि मान हलकी झाल्यासारखी वाटते. मी आठ वर्षे ही सेवा घेतली आणि मला ती आवडत असे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

२०२४ च्या चतुर्थीच्या तीन दिवस आधी, बुधवारी संध्याकाळी, आम्ही दोघे भाऊ शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलो होतो. भावाचे वय तेव्हा ३४ होते. त्याला रक्तदाब नाही, मधुमेह नाही, तो तंबाखू किंवा सिगारेट घेत नाही. आधीच्या आठवड्यात त्याला सर्दी-खोकला झाला होता, तेवढेच. चंपीनंतर त्याचे डोके उजवीकडे वळवताना आवाज आला नाही, म्हणून कारागिराने पुन्हा एकदा, अधिक जोर लावून हिसका दिला. मी ते आरशात पाहत होतो. भावाने डोळे क्षणभर घट्ट मिटले आणि उघडले, आणि मग आम्ही दोघेही पैसे देऊन बाहेर पडलो.

गुरुवारी रात्री त्याच्या डाव्या कानामागून मानेच्या मुळापर्यंत दुखू लागले. झोपेत मान अवघडली असेल असे समजून भावजयीने बाम चोळला आणि गरम पाण्याची पिशवी दिली. तो मात्र सारखे एकच सांगत होता, ‘दादा, मान पूर्वीही दुखली आहे, पण हे दुखणे तसे नाही.’ शुक्रवारी संध्याकाळी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या छताचे, सामान घेऊन येताना आम्ही वाटेतल्या एका दवाखान्यात गेलो. दुखण्यासोबत चक्करही येते असे आम्ही सांगितले, तेव्हा तेथे मानेचा स्पॉन्डिलायटिस असल्याचे सांगून वेदनाशामक आणि चक्कर थांबवण्याच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या डॉक्टरांवर मी राग धरत नाही, कारण मान दुखणारी शंभर माणसे त्यांच्याकडे येत असतील आणि त्यांतील जवळजवळ सर्वांचे दुखणे स्नायूंचेच असेल. तरीही ३४ वर्षांचा निरोगी माणूस, एकाच बाजूला अचानक सुरू झालेले नवे दुखणे आणि सोबत चक्कर, या तीन गोष्टी एकत्र आल्यावर मानेला काही झटका बसला होता का एवढे विचारायला आणि रुग्णाला दहा पावले सरळ रेषेत चालवून पाहायला दोन मिनिटे पुरली असती, ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

चतुर्थीच्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा घर फिरते आहे असे म्हणाला आणि दोनदा उलटी झाली. पित्त झाले असेल, पूजेपर्यंत उपाशी राहिल्याने असेल, रात्री माटोळीसाठी जागल्याने असेल, असे घरातील प्रत्येकाने आपापले कारण सांगितले, मीही सांगितले, आणि त्याला आतल्या खोलीत झोपवले. त्या सकाळचा प्रत्येक तास मोलाचा होता हे आम्हाला रात्री कळले.

संध्याकाळच्या आरतीला तो हट्टाने उठून घुमट घेऊन बसला. घुमटाचे कातडे उजव्या हाताने वाजवतात आणि मडक्याचे उघडे तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत नाद घडवतात, हे गोव्यातील वाचकांना सांगायला नको. लहानपणापासून वाजवणारा माझा भाऊ त्या दिवशी डाव्या हाताने उघड्या तोंडाचा अंदाजच घेऊ शकत नव्हता. हात एकदा काठावर आपटे, एकदा पलीकडे जाई. शामेळ वाजवणाऱ्या चुलतभावाने त्याच्याकडे पाहिले आणि वाजवणे थांबवले. भाऊ उठायला गेला तो डावीकडे कलंडला. त्याला उचकी लागली होती, एकाचे दोन दिसत होते आणि बोलणे जड झाले होते. भावजयीने १०८ ला फोन केला.

रुग्णवाहिका वीसेक मिनिटांत आली. तिच्यातील कर्मचाऱ्यांनी पहिला प्रश्न वेळेचा विचारला : त्रास नेमका कधी सुरू झाला, आणि तो पूर्ण ठीक होता अशी शेवटची वेळ कोणती? बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पोहोचल्यावरही तोच प्रश्न झाला. मग तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी त्याच्या पापण्यांकडे पाहिले, त्याला बोटाने नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला हात लावायला सांगितले, आणि कोकणीत विचारले, ‘मान केन्नासावन दुखता?’ म्हणजे मान कधीपासून दुखते? हा प्रश्न तीन दिवसांत प्रथमच कुणीतरी विचारत होते. त्याची डावी पापणी किंचित खाली आली होती आणि डावी बाहुली उजवीपेक्षा लहान होती. घरात दिवसभर त्याच्या अवतीभवती असूनही आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आले नव्हते.

पुढे जे समजले ते मी येथे सविस्तर मांडतो, कारण आम्हाला हे कोणी आधी सांगितले असते तर शनिवारची सकाळ वाया गेली नसती. मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मोठ्या धमन्या मानेतून वर जातात. पुढच्या बाजूच्या दोन कॅरोटिड धमन्या, ज्यांची नाडी जबड्याखाली मानेच्या बाजूला बोटाला लागते, आणि मागच्या बाजूच्या दोन व्हर्टिब्रल धमन्या. या मागच्या धमन्यांचा मार्ग विलक्षण आहे. त्या मानेच्या मणक्यांच्या बाजूला असलेल्या छिद्रांतून, एकावर एक ठेवलेल्या कड्यांतून दोरी ओवावी तशा वर जातात आणि अगदी वरच्या मणक्याभोवती वळसा घालून कवटीत शिरतात. मान वळण्याचा मोठा भाग वरच्या दोन मणक्यांमध्येच घडतो, त्यामुळे डोके एकाएकी फिरवले की त्या वळशावर ताण येतो. डोके उजवीकडे फिरवले तर ताण डाव्या धमनीवर अधिक पडतो.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांत आतल्या अस्तराला चीर पडली की वाहते रक्त त्या चिरेतून भिंतीच्या थरांमध्ये शिरते आणि तेथे साकळते. भिंत आतून फुगते, वाट अरुंद होते, आणि फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते. त्या गुठळीचा तुकडा सुटून वर गेला की मेंदूतील एखादी लहान वाहिनी बंद पडते, आणि तोच पक्षाघात. याला डॉक्टर धमनीचे डिसेक्शन म्हणतात. चीर पडणे आणि पक्षाघाताचा झटका येणे यांत कधी काही तास, कधी काही दिवस, क्वचित काही आठवडे जातात. या मधल्या काळात रुग्णाला केवळ मानेचे किंवा डोक्याचे दुखणे असते, आणि म्हणूनच तो काळ हातचा निसटू देणे फार महागात पडते.

हा आजार विरळ आहे. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांनुसार वर्षाला एक लाख लोकांमागे सुमारे तीन जणांना तो होतो, आणि गुठळीमुळे येणाऱ्या सर्व पक्षाघातांत त्याचा वाटा दोनेक टक्क्यांचाच आहे. मात्र पन्नाशीच्या आतील रुग्ण वेगळे काढले तर तोच वाटा दहा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो. पक्षाघात म्हणजे म्हाताऱ्यांचा, रक्तदाबवाल्यांचा आजार, तोंड वाकडे होणे आणि अर्धे अंग लुळे पडणे, हे चित्र आमच्या डोक्यात इतके पक्के बसले होते की भावाचे तोंड सरळ आहे आणि दोन्ही हात उचलता येतात यावर आम्ही समाधान मानले. मेंदूच्या मागच्या भागातील झटक्यात चेहरा सरळ राहू शकतो आणि ताकदही शाबूत राहू शकते. जातो तो तोल, नजर, गिळणे आणि हाताचा अंदाज.

साध्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही आणि दुसरेही काही दिसले नाही. मागच्या भागातील ताजा झटका साध्या सीटीत अनेकदा दिसत नाही, असे डॉक्टरांनी लगेच सांगितले आणि शिरेतून औषध सोडून सीटी अँजिओग्राफी केली. पुढे एमआरआयमध्ये डाव्या व्हर्टिब्रल धमनीच्या भिंतीतील साकळलेले रक्त चंद्रकोरीसारखे पांढरे दिसत होते. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून ती कोर मला दाखवली. लहान मेंदूच्या डाव्या भागाला आणि मेंदूच्या देठाला इजा झाली होती. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. भाऊ ठीक असल्याची शेवटची वेळ फार तर आदल्या रात्रीची, म्हणून ती संधी गेलेली होती.

गोमेकॉतील सेवेबद्दल दोन गोष्टी कृतज्ञतेने लिहितो. पहिली अशी की चमचाभर पाणी गिळण्याची चाचणी घेतल्याशिवाय त्याला कोणी काही पाजू दिले नाही. आईने डब्यातून पेज आणली होती आणि तिला ती परत न्यावी लागली, तेव्हा ती रडली. पण गिळता न येणाऱ्याच्या घशातून अन्न फुफ्फुसांत उतरले तर न्यूमोनिया होतो, हे नर्सबाईंनी तिला शेजारी बसवून समजावले. दुसरी गोष्ट म्हणजे लहान मेंदूला सूज येऊन देठावर दाब पडू शकतो आणि तसे झाल्यास तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते, यासाठी पहिले तीनचार दिवस त्याला रात्री-अपरात्री हाक मारून तो नीट शुद्धीवर आहे ना हे पाहिले जात होते. वॉर्डात गर्दी होती, नातेवाइकांना बसायला जागा अपुरी होती, पण काम नेमके चालले होते. आमचा गणपती दीड दिवसाचा. त्याचे विसर्जन शेजाऱ्यांनी केले.

नवव्या दिवशी तो घरी आला आणि दहाव्या दिवशी अंघोळ करताना त्याने मला न्हाणीघरात हाक मारली. तांब्याभर गरम पाणी तो डाव्या खांद्यावर ओतत होता तेव्हा चटका बसत होता. तेच पाणी उजव्या खांद्यावर ओतले की ओले झाल्याचे कळत होते, गरम असल्याचे कळत नव्हते. चेहऱ्याचे नेमके उलट होते. डाव्या गालाला ऊन-थंड कळत नव्हते, उजव्याला कळत होते. मेंदूच्या देठाच्या एका बाजूला इजा झाली की असे होते, हे डॉक्टरांनी आधी सांगितले होते, तरी तांब्या हातात धरून आपल्याच दोन खांद्यांकडे पाहणारा भाऊ मला विसरता येत नाही. तेव्हापासून पाणी आधी डाव्या हाताने तपासायचे अशी त्याने सवय लावली आहे.

रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या त्याला सहा महिने दिल्या. अशा रुग्णांना अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे द्यावीत की रक्त पातळ करणारी अधिक प्रभावी औषधे, यावर ‘कॅडिस’ नावाच्या २५० रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत मिळून तीन महिन्यांत चौघांनाच पुन्हा झटका आला, आणि दोन उपचारांत ठळक फरक आढळला नाही. हे ऐकून घरच्यांना मोठा धीर आला. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत धमनी पुन्हा मोकळी झालेली दिसली. फिजिओथेरपीच्या ताईंनी घुमट हाच व्यायाम ठरवला. तो आता वाजवतो. संथ आरतीला हात बरोबर पडतो, लय वाढली की अजून मागे राहतो.

आता पुन्हा दुकानाकडे वळतो. हिसक्यामुळेच धमनी फाटली असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, आणि डॉक्टरांनीही तसे म्हटले नाही. जोराचा खोकला, अलीकडे झालेला संसर्ग, अर्धशिशी, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील जन्मजात दुबळेपणा, मानेला बसलेला किरकोळ मार, अशी अनेक कारणे सांगितली जातात. भावाने शुक्रवारी रात्री मान वर करून तासभर माटोळीही बांधली होती, मात्र दुखणे त्याच्या आदल्या रात्रीच सुरू झाले होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये या विषयावर निवेदन काढले. मानेला झटका देण्याचे उपचार आणि धमनी फाटणे यांत संबंध आढळतो, पण एकामुळे दुसरे घडते हे सिद्ध झालेले नाही, कारण धमनी आधीच फाटल्यामुळे मान दुखते म्हणूनही काही लोक असा उपचार घ्यायला जातात, असे त्यात म्हटले आहे. असा उपचार करण्यापूर्वी रुग्णाला हा संबंध सांगावा, असेही ते निवेदन सांगते. तेथे प्रशिक्षित माणसांविषयी लिहिले आहे. आमच्या सलूनमधील कारागीर मान मोडणे शेजारच्या खुर्चीवरच्या कारागिराकडे पाहून शिकला. धोका लहान असला तरी त्या बदल्यात गिऱ्हाइकाला मिळते काय, तर एक आवाज आणि घटकाभराचा हलकेपणा. माझ्या मते हा व्यवहार कोणत्याही दराला, मोफतही, घेण्यासारखा नाही.

केस धुण्याच्या बेसिनविषयीही लिहायला हवे. मान कडेवर टेकवून डोके मागे झुकवून केस धुताना मागच्या धमन्यांवर ताण येऊन झटका आल्याच्या घटना मायकेल वाइनट्रॉब या अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञाने १९९३ मध्ये मांडल्या आणि त्याला ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’ असे नाव पडले. असे फार क्वचित घडते. तरी या दुकानातील बेसिनची कड कठीण आणि उंच आहे, आणि तेथे मानेखाली जाड घडी केलेला टॉवेल मागून घ्यावा किंवा पुढे वाकून केस धुवून घ्यावेत, असे मी सांगेन.

नोव्हेंबरमध्ये मी दुकानाच्या मालकांना भेटलो आणि एमआरआयची ती प्रत दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, कारागिराला बोलावले, आणि ज्याने हिसका दिला होता तो मुलगा माझ्यासमोर उभा राहून बराच वेळ काहीच बोलला नाही. ‘काका, मला कोणी सांगितलेच नव्हते,’ एवढेच शेवटी म्हणाला. त्याचे खरे होते. त्याच रविवारी तो भावाला भेटायला घरी आला. फलकावरची ओळ मालकांनी त्या आठवड्यात खरवडून काढली, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

गेल्या महिन्यात मी पुन्हा गेलो होतो. केस नेहमीप्रमाणे छान कापले. माझ्या शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थांनी चंपी संपल्यावर स्वतःच मान पुढे केली आणि ‘मोडून दे’ म्हणाले. त्या मुलाने हात मागे घेतला आणि ‘ते आम्ही बंद केले’ असे सांगितले. गृहस्थ नाराज झाले. तेव्हा पलीकडचा दुसरा, नवा कारागीर पुढे आला, आणि मी उठून मध्ये पडेपर्यंत त्याने हनुवटी धरलीही होती. मी थांबवले म्हणून ते टळले. मालक त्या वेळी दुकानात नव्हते.

केस, दाढी आणि स्वच्छता यांसाठी मी या दुकानाला पाचपैकी पाच तारे दिले असते. नव्या माणसापर्यंत सूचना पोहोचलेली नाही, म्हणून तूर्त तीन देतो. दिवाळीपूर्वी पुन्हा जाईन, आणि प्रत्येक खुर्चीवर नकार ऐकू आला तर हे परीक्षण बदलेन.